यातला खरा रेझ्युमे कोणता?

मुलाखतीच्या टेबलावर माझ्या रेझ्युमेची छापील प्रत होती आणि ती पाहून मी गडबडले. समोरच्या बाईंनी विचारलं, "शिक्षण अजून चालू आहे ना तुमचं?" माझी पदवी पूर्ण होऊन आठ महिने झाले होते. त्या कागदावर मात्र 'शेवटचं वर्ष, निकाल बाकी' असं होतं, जुना मोबाईल नंबर होता, आणि ज्या प्रकल्पावर बोलायची तयारी करून मी गेले होते त्याचं नावच नव्हतं. मी सगळं तोंडी सांगितलं, त्यांनी शांतपणे ऐकूनही घेतलं. पण पहिली दहा मिनिटं त्या कागदातल्या चुका दुरुस्त करण्यातच गेली.

घरी येऊन मी लॅपटॉप, फोन, पेनड्राइव्ह आणि ईमेल असं सगळं शोधलं. रेझ्युमेच्या 11 फायली सापडल्या. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल शेवटचा', आणि फोनमध्ये एकाच नावापुढे कंसात 1, 2, 3 लावलेल्या तीन. घोळ या तीन फायलींनी केला होता. एकाच नावाची फाईल पुन्हा डाउनलोड केली की ब्राउझर तिला पुढचा आकडा लावतो. मोठा आकडा म्हणजे ती फाईल नंतर उतरवली, एवढाच त्याचा अर्थ. ती नंतर लिहिली असं त्यातून कळत नाही. अर्ज करण्याच्या आदल्या दिवशी मी जुन्या ईमेलमधली फाईल सहज उघडून पाहिली होती, म्हणून ती 'अलीकडील' यादीत सर्वांत वर आली आणि मी तीच जोडली.

पहिल्यांदाच नोकरी शोधणाऱ्या कुणालाही मी म्हणूनच आधी हे सांगते: रेझ्युमे हरवण्याची भीती कमी बाळगा, त्याच्या प्रती वाढण्याची जास्त बाळगा. क्लाउडचा, म्हणजे इंटरनेटवर फायली ठेवायच्या सेवेचा, मला झालेला खरा उपयोग हाच. कुठलंही उपकरण हातात असो, बदल करायचा तो एकाच फाईलमध्ये. तिला मी 'मूळ' म्हणते. बाकी सगळ्या तिच्यातून काढलेल्या प्रती, आणि प्रतीत कधीही दुरुस्ती करायची नाही.

सेवा कुठली घ्यायची यावर फार वेळ घालवू नका. गूगल ड्राइव्ह 15 जीबी फुकट देतं, वनड्राइव्ह आणि आयक्लाउड 5 जीबी, ड्रॉपबॉक्स 2 जीबी. रेझ्युमेला काहीशे केबी पुरतात, त्यामुळे चौघांपैकी कुणीही चालेल. फक्त गूगलचे 15 जीबी हे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहेत, हे ध्यानात ठेवा. गूगल फोटोवर चढलेल्या व्हिडिओंनी जागा भरली की नवीन फाईल वर चढत नाही आणि ईमेल येणंजाणंही थांबतं. मुलाखतीचं बोलावणं त्याच पत्त्यावर येणार असतं, म्हणून अर्ज सुरू करण्याआधी जागा मोकळी करून घ्या. वर्डमध्ये लिहीत असाल तर वनड्राइव्ह सोयीचं, कारण वर्डचं ऑटोसेव्ह तिथे ठेवलेल्या फाईलवर चालतं. गूगल डॉक्समध्ये लिहीत असाल तर प्रश्नच नाही.

मी सुरुवात वर्डची फाईल सिंक होणाऱ्या, म्हणजे सगळ्या उपकरणांवर आपोआप सारख्या राहणाऱ्या, फोल्डरमध्ये ठेवून केली आणि पहिल्याच महिन्यात अडकले. प्रवासात लॅपटॉपला नेट नव्हतं, तरी मी अनुभवाचा भाग नव्याने लिहिला. त्याच संध्याकाळी फोनवरून त्याच फाईलमधला पत्ता बदलला. लॅपटॉप नेटला जोडल्यावर फोल्डरमध्ये दोन फायली दिसल्या, एकीच्या नावापुढे 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं लिहिलेलं. सेवेचं यात काही चुकलं नव्हतं. दोन्हीकडचे बदल वेगळे होते, कुठला खरा हे तिला ठरवता येत नव्हतं, म्हणून तिने दोन्ही जपले. पण मी नाव नीट न वाचता एक उडवली, आणि उडवली ती नेमकी नव्याने लिहिलेली. कचराकुंडीतून परत मिळाली म्हणून निभावलं. तेव्हापासून लॅपटॉप मिटण्याआधी फाईलवर बरोबरची खूण आली का ते मी पाहते. गोल फिरणारे बाण दिसत असतील तर थांबते. पुढे मूळ फाईल मी गूगल डॉक्समध्ये नेली, कारण तिथे दोन्ही उपकरणं नेटवर असली की बदल लगोलग एकत्र होतात. मात्र वर्डमधला तक्त्यांचा सजवलेला नमुना तिथे नेला तर ओळी सरकतात, म्हणून मांडणी साधी ठेवावी लागली. साधी मांडणी वाचायलाही बरी पडते, असं माझं मत झालं आहे.

सिंक म्हणजे बॅकअप, असा समज सर्रास आढळतो आणि तो महागात पडतो. फोनमधली जागा रिकामी करायची म्हणून ड्राइव्हच्या ॲपमधून फाईल काढली तर ती लॅपटॉपवरूनही जाते, कारण दोन्हीकडे एकच फाईल दिसत असते. गूगल ड्राइव्हच्या कचराकुंडीत ती 30 दिवस राहते, मग कायमची पुसली जाते. ड्राइव्हवर ठेवलेल्या वर्ड किंवा पीडीएफच्या जुन्या आवृत्त्यांचंही तसंच, 30 दिवसांनी त्या जाऊ शकतात. हवी ती आवृत्ती कायम ठेवण्याचा पर्याय आवृत्त्यांच्या यादीतच असतो. डॉक्समध्ये आवृत्तीला नाव देता येतं. 'पदवीनंतर', 'पहिल्या नोकरीनंतर' अशी नावं मी दिली आहेत. शिवाय दर काही महिन्यांनी एक प्रत क्लाउडच्या बाहेर, पेनड्राइव्हवर टाकते.

विद्यार्थ्यांनो, हे मात्र नीट वाचा. कॉलेजने दिलेल्या ईमेल खात्यावर रेझ्युमे ठेवू नका. खातं संस्थेचं असतं, ते कधी बंद करायचं हेही संस्थाच ठरवते. माझ्या एका मैत्रिणीने फाईल कॉलेजच्या खात्यावरून स्वतःच्या खात्याला शेअर केली आणि ती सुरक्षित झाली असं समजून निर्धास्त राहिली. शेअर केल्याने मालकी बदलत नाही. खातं पुसलं गेलं तेव्हा तिच्या स्वतःच्या ड्राइव्हमधूनही ती फाईल नाहीशी झाली, आणि प्रकल्पांचे अहवालही गेले. स्वतःच्या खात्यात उघडून 'मेक अ कॉपी' केलं असतं तर नवीन फाईल तिच्या मालकीची झाली असती. कॉलेज सोडण्याआधी एक दुपार यासाठी काढा. नोकरीतल्या खात्यालाही हाच नियम लावा.

आपलं खातं आपल्या हातात राहावं म्हणून टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतरची दुसरी खात्री, चालू करा, आणि गूगल देतं ते 10 बॅकअप कोड कागदावर उतरवून घ्या. फोन हरवला तरी आत जायची वाट त्या कोडमधून मिळते. आणखी एक, दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं. तेव्हा फक्त रेझ्युमेसाठी उघडलेलं वेगळं खातं विसरून जाऊ नका.

आता पाठवण्याबद्दल. मूळ फाईल मी कुणालाच पाठवत नाही, पाठवते ती पीडीएफ. वर्डची फाईल समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर वेगळी दिसते, एका पानाची दीड पानं होतात. पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा सोबतच जातो. फाईलच्या नावात स्वतःचं नाव आणि पद असू द्या, कारण समोरच्या माणसाकडे नुसत्या 'रेझ्युमे' नावाच्या ढीगभर फायली आलेल्या असतात. पाठवण्याआधी पीडीएफ ब्राउझरमध्ये उघडून वरच्या टॅबवर काय दिसतं तेही पाहा. मी एका मित्राचा नमुना घेऊन त्यात माझी माहिती भरली होती. पानावर सगळीकडे माझं नाव होतं, टॅबवर मात्र त्याचं, कारण फाईलच्या आतल्या माहितीत जुनं शीर्षक तसंच राहिलं होतं. शेवटी सगळा मजकूर निवडून साध्या नोटपॅडमध्ये चिकटवून पाहते. तिथे ओळी उलटसुलट आल्या तर अर्ज वाचणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्या तशाच दिसण्याची शक्यता असते.

जोडलेली फाईल पाठवली त्या क्षणी गोठते, लिंक मात्र जिवंत राहते. नोकरीच्या अर्जाला मी फाईल जोडते, कारण त्यांनी काय वाचलं हे मला ठाऊक असलं पाहिजे. लिंक देते ती प्रोफाइलवर. ड्राइव्हमध्ये जुनी पीडीएफ पुसून नवीन चढवली की लिंक बदलते आणि आधी दिलेल्या सगळ्या लिंका निकामी होतात. म्हणून त्याच फाईलवर 'मॅनेज व्हर्जन्स'मधून नवीन आवृत्ती चढवा, लिंक तीच राहते. परवानगी फक्त पाहण्याची द्या, बदलण्याची नको. मग ती लिंक इन्कॉग्निटो विंडोमध्ये, म्हणजे जिथे तुमचं खातं उघडलेलं नसतं तिथे, उघडून बघा. तिथे परवानगी मागणारं पान आलं, तर समोरच्यालाही तेच दिसणार आहे, आणि तो वाट पाहत बसणार नाही. लिंकवर ठेवायच्या प्रतीतून घरचा पत्ता आणि जन्मतारीख काढून टाका. ती कुणाकुणापर्यंत जाईल यावर आपला ताबा नसतो.

फोनवर शेवटची पीडीएफ ऑफलाइन उपलब्ध म्हणून खूण करून ठेवा, मुलाखतीच्या इमारतीत नेट मिळेलच असं नाही. लॅपटॉपवर फाईलशेजारी ढगाचं चिन्ह असेल तर ती अजून डिस्कवर उतरलेली नाही, हेही ओळखायला शिका. सार्वजनिक संगणकावर फाईल छापून घेतलीत तर साइन आउट करा, डाउनलोड पुसा. विसरलात तरी खात्याच्या सुरक्षेच्या पानावरून ते उपकरण घरी येऊन काढता येतं.

हे झालं फाईल सांभाळण्याचं. पण आत लिहायचं काय हे आठवलंच नाही, तर सिंक झालेली फाईलही शिळीच राहते. त्यासाठी मी त्याच फोल्डरमध्ये 'नोंदी' नावाची एक फाईल ठेवली आहे आणि तिचा शॉर्टकट फोनच्या पहिल्या पडद्यावर. काही काम पूर्ण झालं की त्याच दिवशी दोन ओळी: काय केलं, कुणाबरोबर, किती वेळात, काय फरक पडला. सहा महिन्यांनी 'अहवाल बनवायचं काम सुधारलं' एवढंच आठवतं. त्या दिवशी लिहून ठेवलं तर 'दोन दिवसांचा अहवाल चार तासांत होऊ लागला' असं लिहिता येतं, आणि मुलाखतीत प्रश्न याच ओळीवर येतात. या नोंदींमधून मूळ रेझ्युमे वाढत जातो. माझा आता चार पानांचा आहे आणि तो कुणीच पाहत नाही. अर्ज करताना त्याची प्रत काढायची, त्या पदाशी संबंध नसलेलं कापायचं, एक पान उरलं की पीडीएफ करायची. नवीन काही लिहावं लागलं तर ते आधी मूळ फाईलमध्ये. हा क्रम मोडला की पुन्हा 11 फायली होतात, मला अनुभव आहे.

पाठवलेली प्रत्येक पीडीएफ 'पाठवलेले' या फोल्डरमध्ये जाते. नावाच्या सुरुवातीला तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे यादी आपोआप क्रमाने लागते. तारखेपुढे पद आणि ठिकाण. अर्ज केल्यावर कधी दोन दिवसांत फोन येतो, कधी दोन महिन्यांनी. मी पाच मिनिटं मागून घेते, फोनवरच तो फोल्डर उघडते, त्या तारखेची फाईल काढते आणि त्यांच्या हातात आहे तोच कागद समोर ठेवून बोलायला बसते.