जुनी गाडी चढावर बंद पडते? आधी पेट्रोल की करंट, ते ठरवा

कार्बोरेटरवाली (इंजिनात जाणारं पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग म्हणजे कार्बोरेटर) जुनी मारुती ८०० चढावर दम सोडू लागली, मधेच बंद पडू लागली की जो तो सांगतो, 'कार्बोरेटर साफ करून घ्या.' मग कार्बोरेटर उघडतो, स्क्रू फिरतात, पैसे जातात आणि पुढच्या घाटात गाडी पुन्हा कडेला. कार्बोरेटरला हात सगळ्यात शेवटी. आधीच स्क्रू फिरवले तर मूळ बिघाड राहतो तो राहतोच, वर ट्यूनिंग बिघडतं.

एअर फिल्टर, प्लग आणि बॅटरीची टर्मिनल तुम्ही बघितली आहेत असं धरतो.

गाडी बंद पडत नाही, नुसता पिकअप नाही? इंजिन रेज होतंय पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. एकच चाक जास्त तापतंय, तर ब्रेक धरून राहिलाय. रेडिएटरचं पाणी सारखं कमी होत असेल तर घाट विसरा, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं सील, बघून घ्या.

आता खरी डोकेदुखी. बिघाड दिसतो तो गाडी गरम असताना. गॅरेजपर्यंत ती थंड होते आणि पहिल्या सेल्फला सुरू होते. मेकॅनिक म्हणतो, 'काहीच नाही हो.' या लपंडावाने मला फार पिडलं आहे. म्हणून तपासणी गाडी बंद पडल्या पडल्या, तिथेच करायची. हँडब्रेक ओढा, चाकामागे दगड लावा.

बंद कशी पडली ते आठवा. आचके देत, रडतखडत बंद पडली तर संशय पेट्रोलवर. चावी फिरवल्यासारखी एकदम गप्प झाली तर करंटवर. पण नुसत्या संशयावर काही बदलू नका.

इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढा. कार्बोरेटरच्या तोंडात बघत ॲक्सिलरेटरचा लिव्हर हाताने झटकन ओढा. आत पेट्रोलची बारीक धार उडाली तर पेट्रोल पोचतंय. झाकण परत घट्ट लावा, मगच करंट बघा: जवळचा एक चांगला प्लग वायरला लावून त्याची लोखंडी बाजू इंजिनला टेकवा आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. वायर इन्सुलेटेड पकडीनेच धरा. कडक निळी ठिणगी हवी. पिवळट, मरतुकडी चालणार नाही. उघड्या कार्बोरेटरशेजारी ठिणगी पाडणाऱ्याला मी बॉनेटजवळ उभा करत नाही. सिगारेटवाल्यालाही नाही.

ठिणगी नाही, कॉईलला (ठिणगीसाठी करंटचा दाब वाढवणारा भाग) हात लावता येत नाही इतकी ती तापलीय आणि थंड झाल्यावर ठिणगी परत येते? मग दुसऱ्या गाडीची चालू कॉईल लावून बघा. तरीही तेच, तर प्लगांना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर बघा.

धार नसेल तर टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत ओढली गेली आणि गाडी सुरू झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाहीतर इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवा. जुने फियाटवाले घाटात हेच करायचे. त्याने गाडी सुरू झाली तर पाइपात पेट्रोलची वाफ धरतेय. दोन्ही उपाय एकदम करू नका, कशाने सुरू झाली ते कळणार नाही.

एवढ्यानेही नाही भागलं तर पेट्रोल फिल्टर बदला, आणि मग टाकीपासून पंपापर्यंतचे रबरी पाइप. इथे भले भले फसतात. या भागात पंप पेट्रोल ओढतो, त्यामुळे चिरलेल्या पाइपातून पेट्रोल गळेलच असं नाही; तो हवा ओढतो. खाली थेंब नाही म्हणून पाइप चांगला समजू नका. वाकवून बघा, क्लिपजवळच्या बारीक चिरा तेव्हाच दिसतात. आता गाडीत भरायला २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि हे जुनं रबर त्यासाठी बनलेलं नाही, तेव्हा चीर दिसली नाही तरी जुनाट पाइप बदलूनच टाका.

पेट्रोलही ठीक, करंटही ठीक, तरच कार्बोरेटर उघडा. पेट्रोल-हवेचं प्रमाण ठरवणारा स्क्रू काढण्याआधी तो आत पूर्ण बसेपर्यंत किती फेरे फिरतो ते लिहून ठेवा.