झेंड्याची दोरी बदलताना जुनी हातातून सोडू नका

आमच्या अमळनेर तालुक्यातल्या शाळांना ध्वजस्तंभाच्या दोरीची आठवण वर्षातून तीनदा होते: २५ जानेवारी, ३० एप्रिल आणि १४ ऑगस्ट. तिन्ही वेळा संध्याकाळी, दुकानं बंद व्हायच्या सुमारास. दोरी बदलणं हे तासाभराचं काम आहे, पण एका अटीवर: जुनी अजून खांबावर असतानाच बदलायचं. ती तुटून खाली पडली, की तासाचा दिवस होतो.

खानदेशात दोरी घासून कमी आणि उन्हाने जास्त मरते. कृषी केंद्रात किलोवर मिळणारी निळी-पिवळी प्लास्टिकची दोरी स्वस्त, म्हणून तीच लावली जाते. दोन उन्हाळे झाले की तिची कुसं हाताला टोचायला लागतात आणि तळव्यावर भुकटी राहते. तसं झालं की ती गेलीच समजा. सगळी दोरी हळूहळू ओढून हातातून फिरवा. दोन जागा नीट बघा: एरवी वर गिरकीवर (खांबाच्या टोकाच्या चाकावर) बसलेला भाग आणि खाली खुंटीला गुंडाळतो तो भाग. बाकी दोरी धडधाकट दिसली तरी ती तुटणार या दोनपैकी एका जागी.

ओढताना कानही द्या. वरून करकर आवाज येत असेल किंवा दोरी सरकतेय पण चाक फिरत नसेल, तर दोष गिरकीत आहे. जाम गिरकीवर नवी दोरी घालणं म्हणजे कानशीवर घालणं. बऱ्याच शाळांत खांब बुडाशी दोन बोल्टांवर उभा असतो. एक बोल्ट काढला की तो आडवा होतो. चार मोठी माणसं लागतात, आणि आधी वर बघायचं: जवळून महावितरणची तार जात असेल तर खांबाला हात लावू नका. लोखंडी पाइप कलला आणि तारेला टेकला तर काय होईल ते सांगायला नको. खांब आडवा केलाच आहे तर गंजलेली गिरकी काढून पितळी बसवा. ग्रीस थापू नका, आमच्याकडची धूळ त्यात बसून त्याचं सिमेंट होतं. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब पुरतात.

आता नवी दोरी. पॉलिएस्टरची विणलेली घ्या. ती ऊन सोसते आणि भिजली तरी फारशी ताणत नाही. सुती दोरी हाताला गोड लागते, पण १५ ऑगस्टच्या पावसात फुगते आणि गिरकीत अडते. जाडी गिरकीच्या खाचेवरून ठरवा, साधारण ६ ते ८ मिलिमीटर. बारीक घेतली तर चाक आणि कडेची पट्टी यांच्या फटीत उतरून अडकेल. लांबी खांबाच्या दुप्पट, वर गाठींसाठी आठ-दहा फूट: २५ फुटी खांबाला ६० फूट.

खरं कौशल्य सांध्यात आहे. मी पहिल्यांदा केलं तेव्हा जुन्या दोरीला नवी सरळ गाठ मारून बांधली. गाठ वर जाऊन गिरकीत रुतली, ना पुढे ना मागे. शेवटी खांब उतरवावा लागला. तेव्हा गाठ मारू नका. जुन्या दोरीची खालची गाठ सोडा. त्यातलं एक टोक आणि नव्या दोरीचं टोक मेणबत्तीवर जरा वितळवा, पण गोळा होऊ देऊ नका. दोन्ही टोकं समोरासमोर टेकवून गोधडीच्या सुईने, मजबूत दोऱ्याने दोन्हीकडे तीन-तीन बोटं आरपार शिवा. वरून वायरमनची टेप घट्ट आणि एकाच थरात गुंडाळा. सांधा दोरीहून जाड वाटला तर सोडवा आणि पुन्हा करा.

मग दोघं लागतात. एकाने जुनीचं दुसरं टोक सावकाश ओढायचं, दुसऱ्याने नवी पीळ न पडू देता वर सोडायची. सांधा गिरकीपाशी अडला तर हिसका देऊ नका. हातभर मागे घ्या, पुन्हा पुढे. नवी दोरी पलीकडून खाली येऊन हातात आल्यावरच सांधा कापा. शिडाच्या होडीवर डोलकाठीवरून शीड चढवणारी दोरीही अशीच बदलतात, जुनीच्या शेपटीला नवी शिवून. इंग्रजीत तिला आणि झेंड्याच्या दोरीला नावही एकच आहे, हॅलयार्ड.

झेंड्याला वरच्या बाजूला लाकडी गुल्ली असेल तर तिच्यासाठी दोरीच्या एका टोकाला न सरकणारा फास करा, दुसरं टोक झेंड्याच्या खालच्या दोरीला बांधा. झेंडा लावण्याआधी ओला टॉवेल बांधून पाच-सहा वेळा वर-खाली करा. ध्वजसंहितेप्रमाणे झेंडा झपाट्याने चढवायचा आणि सावकाश उतरवायचा असतो. टॉवेलही तसाच न्या, म्हणजे अडत असेल तर आजच कळेल. १९३६ च्या काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनात झेंडा अर्ध्यावर अडकला आणि एक तरुण खांबावर चढला, ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. तुमच्या शाळेत मात्र कुठल्या पोराला वर चढवू नका.

झेंडा उतरवल्यावर दोरीची दोन्ही टोकं एकमेकांना बांधून ती खुंटीला ताणून गुंडाळा, नाहीतर वाऱ्याने रात्रभर पाइपवर टणटण वाजेल. आणि प्रत्येक वेळी हातभर सरकवून बांधा, म्हणजे वर गिरकीत नेहमी तोच तुकडा उन्हात राहणार नाही.