काळ्या खडपावरची रेंज: गोव्याच्या डोंगरपट्ट्यात तंबूत इंटरनेट कसे मिळवावे

सत्तरीत एका कुळागरात, म्हणजे पोफळी-नारळाच्या बागेत, तंबू ठोकला होता. फोनवर रेंजची एकही दांडी नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ऑफिसची मीटिंग. पोफळींना पाणी सोडणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारले, "आजो, रेंज खंय मेळटा?" हातातले फावडे न सोडता त्यांनी हनुवटीनेच वर दाखवले. "त्या काळ्या खडपार वच. पूण बसून उलय, उबो रावल्यार वता." त्या खडपावर, म्हणजे खडकावर, गेलो, बसलो, आणि खरेच दोन दांड्या आल्या. उभा राहिलो तर गेल्या. राउटर, अँटेना वगैरे जे काही पुढे सांगणार आहे, ते सगळे या एका प्रश्नानंतरचे.

निघण्याआधी फोन करा

किनाऱ्याकडे रेंजची चिंता सहसा नसते. अडचण आहे ती सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोणच्या घाटपायथ्याशी. म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव या अभयारण्यांत वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू ठोकता येत नाही. त्यामुळे आपला मुक्काम बहुधा कडेच्या एखाद्या कुळागरात किंवा काजूच्या बागेत असतो. त्या मालकाला आधीच तीन गोष्टी विचारा: घरातले लोक कुठल्या कंपनीचे सिम वापरतात, घरात फायबर आला आहे का, आणि वीज गेली की किती वेळ येत नाही.

फायबर असेल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल. चार पैसे देऊन वाय-फायचा पासवर्ड घ्या, तंबू घराच्या नजरेच्या टप्प्यात लावा आणि फोनमधले वाय-फाय कॉलिंग चालू करा. मग मोबाइलची रेंज नसली तरी साधे फोन लागतात.

विजेचा प्रश्न उगाच नाही. टॉवरही विजेवरच चालतो, आणि त्याची बॅटरी काही तासांची. रात्रभर वीज गेली तर पहाटे रेंजही जाते, मग तुमच्याकडे कितीही भारी राउटर असो.

सिम दोन, कंपन्या दोन

एकाच कंपनीची दोन सिम नेऊन काही उपयोग नाही. गावात जे चालते ते एक, आणि दुसरे वेगळ्या कंपनीचे. रिचार्ज घरूनच मारून निघा. रेंज नसलेल्या जागी रिचार्ज करायची वेळ आली की माणूस स्वतःवरच चिडतो.

एक खोच फार कमी लोकांना माहीत असते. मोबाइल कंपन्यांच्या हिशेबात गोवा महाराष्ट्राच्या सर्कलमध्ये, म्हणजे सेवाक्षेत्रात, येतो, कर्नाटक वेगळे. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या अंगाला फोन पलीकडचा टॉवर पकडतो. दांड्या दिसतात, कॉल लागतो, पण नेट मात्र बंद. अशा वेळी सेटिंगमध्ये जाऊन 'डेटा रोमिंग' चालू करून बघा. देशातल्या देशात त्याचे वेगळे पैसे हल्लीच्या प्लॅनमध्ये सहसा लागत नाहीत.

दांड्या मोजू नका, आकडा बघा

दांड्या फसवतात. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* डायल केले की फोनच्या माहितीचा पडदा उघडतो, त्यात सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलची ताकद मोजायच्या एककात, असतो. उघडला नाही तर सिग्नल मोजणारे एखादे फुकटचे अ‍ॅप घ्या. आकडा उणे असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ८५ म्हणजे मजेत काम होईल. उणे १०५ला मेसेज आणि मेल जातात, व्हिडिओ कॉल अडखळतो. उणे ११५च्या खाली गेला की ती जागा सोडा.

आकडा बघत हळू चाला. दर दहा पावलांवर अर्धा मिनिट थांबा, कारण फोन आकडा जरा उशिराने बदलतो. व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला तंबूला जागा सुंदर असते आणि रेंजला सगळ्यात वाईट. दोन्ही बाजूंचा डोंगर लाटा अडवतो. वर, उघड्या सड्यावर (खडकाळ पठारावर), किंवा झाडी जिथे विरळ होते तिथे शोधा.

जागा सापडली की फोन '४जी फक्त' वर ठेवा. अर्धवट ५जी आणि ४जी यांच्यात फोन उड्या मारत राहतो, त्यात बॅटरीही जाते आणि चालू कॉलही तुटतो. ७००, ८५०, ९०० मेगाहर्ट्झच्या लाटा लांब जातात आणि पानांतूनही बऱ्यापैकी पार होतात. २३०० किंवा ३५००च्या लाटा वेगवान, पण जंगलात लवकर दमतात.

फोन वर, आपण खाली

रेंज खडपावर आणि तंबू खाली, हे नेहमीचेच. मग फोनचा हॉटस्पॉट चालू करून फोनच वर ठेवायचा आणि लॅपटॉप घेऊन आपण खाली सावलीत बसायचे. मधे आडोसा नसेल तर पंधरा-वीस मीटरवर वाय-फाय आरामात येते.

पहिल्यांदा हे केले तेव्हा दव लागू नये म्हणून फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून काजूच्या फांदीला टांगला. साडेदहाला ऊन आले, फोन तापला आणि मीटिंगच्या ऐन मध्यावर बंद पडला. चूक माझीच. आता जाळीच्या पिशवीत ठेवतो, आणि सूर्य कुठून येणार ते बघून.

आठवडाभर काम करायचे असेल तर सिम घालायचा राउटर आणि बाहेरची, एकाच दिशेला रोखता येणारी अँटेना घेणे परवडते. अँटेना टॉवरच्या दिशेने, बांबूला बांधून. मात्र लांब वायरचा मोह नको: साध्या पातळ वायरीत दहा मीटरमागे सात-आठ डेसिबल गळतात, म्हणजे अँटेनाने जे कमावले त्यातले बहुतेक वायरच खाते. राउटर अँटेनाशेजारी वर ठेवा आणि खाली लॅन केबल आणा. ढग गडगडायला लागले की सगळे उतरवायचे, 'एवढा मेल पाठवतो' असे म्हणायचे नाही.

'सिग्नल बूस्टर' म्हणून ऑनलाइन विकली जाणारी यंत्रे मात्र घेऊ नका. परवान्याशिवाय ती वापरणे बेकायदा आहे, आणि त्यांनी आसपासच्या गावाचे नेटवर्कही बिघडते. सॅटेलाइट फोनचेही तेच. सरकारी परवानगीशिवाय तो नुसता जवळ बाळगणेही गुन्हा; दाबोळी विमानतळावर परदेशी पाहुणे यात अडकले आहेत. मित्राने परदेशातून आणून दिला तरी नको म्हणा.

बॅटरी

कमकुवत रेंजमध्ये फोन जोर लावून टॉवरशी बोलतो, म्हणून हॉटस्पॉटवर तो निम्म्या वेळात रिकामा होतो. १०,००० एमएएचची पॉवरबँक प्रत्यक्षात साधारण सहा हजारच देते, त्यामुळे दोन न्या. घरगुती राउटरला बहुतेक वेळा १२ व्होल्ट लागतात, ते साध्या पॉवरबँकेतून मिळत नाहीत. राउटरचा मिनी यूपीएस घ्या.

कामाची वेळही निवडा. रात्री आठ ते दहा सगळा गाव व्हिडिओ बघत असतो आणि टॉवर रडतो. मोठी फाइल पहाटे पाचला चढवा. नकाशे आणि कागदपत्रे घरूनच उतरवून ठेवा. नेट अजिबात चालत नसले तरी साधा एसएमएस कधीकधी जातो. ११२ हा आणीबाणीचा क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसताना दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागू शकतो, पण टॉवर कुठला तरी हवाच. म्हणून कुठे उतरलो आहोत आणि कधी परतणार, हे घरी आधीच सांगून निघा.

खडपाची वाट दिवसाउजेडी एकदा चालून घ्या आणि नकाशावर खूण करा. काजूच्या बागेतून चढणार असाल तर पूर्ण पँट घाला, पायमोज्यांत खोचून. सत्तरीत २०१५पासून माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत आणि तो गोचिडीतून येतो. परतल्यावर अंग तपासायचे, मग मेल.