सोशिऑलॉजी करून आयआरला येताय?

बीए समाजशास्त्रात केलं आणि एमएला इंटरनॅशनल रिलेशन्स (आयआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंध) घेतलं, तर पहिलं सेमिस्टर नुसती भांबावलेली होते. वर्गात सगळे वॉल्ट्झ (देशांचं वागणं सत्तेच्या वाटणीवरून समजावणारा अभ्यासक), बॅलन्स ऑफ पॉवर म्हणजे देशांमधला सत्तेचा तोल, भारताने हे केलं चीनने ते केलं असं बोलायचे आणि माझ्या डोक्यात एकच, की "भारताने" म्हणजे नक्की कोणी, कुठल्या टेबलावर? बावळट वाटेल म्हणून विचारलं नाही. विचारायला हवं होतं, तेच विचारणारे लोक आहेत की या विषयात.

बहुतेक जण वेंटपासून सुरू करतात, म्हणजे धोका नुसत्या शस्त्रांच्या आकड्यावर नाही, कोण कोणाला मित्र किंवा शत्रू मानतं यावर ठरतो असं म्हणणारा अभ्यासक. ब्रिटनच्या 500 अण्वस्त्रांनी अमेरिकेची झोप उडत नाही, उत्तर कोरियाच्या 5 नी उडते, हे त्याचंच उदाहरण. परीक्षेला उपयोगी आहे, पण त्यात माणसं दिसत नाहीत (माझं मत, वेंटवाल्यांनी रागावू नये).

मला गोडी लागली ती नॉयमनमुळे. नॉर्वेचा अभ्यासक, तिथल्या परराष्ट्र खात्यात नोकरी करता करता त्याने खात्याचाच अभ्यास केला. भाषणाचा मसुदा विभागाविभागातून फिरतो, जो तो आपली ओळ घुसवतो, टोचणारा शब्द काढतो, आणि शेवटी नवीन काही उरतच नाही. मला आमच्या सोसायटीचे मिनिट्स आठवले, पाण्याच्या टाकीवरून दीड तास भांडण आणि कागदावर "सविस्तर चर्चा होऊन विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले"!

मग कॅरल कोन वाचा, तिचा 1987 चा लेख. ती अमेरिकेतल्या अण्वस्त्रतज्ज्ञांमध्ये राहून त्यांची भाषा शिकली, तर त्या भाषेत "शांतता" हा शब्दच नाही, जवळात जवळचा म्हणजे "स्ट्रॅटेजिक स्टॅबिलिटी". पीस म्हणालात की तुम्ही भाबडे, एक्स्पर्ट नाही.

डिसर्टेशनला (एमएच्या प्रबंधाला) मी आधी "युनो आणि भारत" घेतलेलं. सरांनी एकच विचारलं, "भेटणार कोणाला?" गप्प बसले. शेवटी व्हिसा कन्सल्टंटच्या ऑफिसात तीन महिने प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले, तिथे परदेशी जाणाऱ्या मुलांकडून व्हिसाच्या काउंटरवर द्यायची उत्तरं घोटून घेतात, "काका तिकडे आहेत हे विचारल्याशिवाय बोलायचं नाही" वगैरे. परवानगी आधीच लेखी घ्या. आणि नोट्स त्याच रात्री लिहा, मी उद्यावर ढकलायचे आणि मग कोण नक्की काय म्हणालं ते आठवायचंच नाही.