बीबीए: संलग्न कॉलेज की अभिमत विद्यापीठ?

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न कॉलेज आणि सिंबायोसिस हे अभिमत (स्वतःच पदवी देणारं) विद्यापीठ, दोन्हीकडे प्रवेश मिळतोय? आधी पूर्ण पदवीचा खर्च मांडा: फी, वसतिगृह, मेस, डिपॉझिट. नुसती पहिल्या वर्षाची फी धरली की हिशेब हमखास कोलमडतो. संलग्न कॉलेजात सीईटी देऊन कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतूनच जा. कारण कॉलेज स्वतः भरतं त्या संस्थास्तरावरच्या जागेवर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळत नाही. सिंबायोसिसची प्रवेश परीक्षा वेगळी, सेट (सिंबायोसिस एन्ट्रन्स टेस्ट).

प्लेसमेंटचा सरासरी पगार बाजूला ठेवा, दोन-चार मोठ्या ऑफर तो फुगवतात. मध्यक (पगार क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) विचारा, प्लेसमेंटला किती जण बसले, किती जणांना नोकरी लागली, तेही. आणि हो, आकडे बीबीएचेच आहेत ना? एमबीएचे नकोत.

मूळ कागदपत्रं कुठल्याच कॉलेजात ठेवू नका. पडताळून लगेच परत घ्या, नाहीतर दुसरीकडचा प्रवेश अडतो.