कॉट्सवोल्ड्समधलं काटेरी पंक्चर: माझा अनुभव

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स या टेकड्यांच्या भागात स्टो-ऑन-द-वोल्डहून लोअर स्लॉटर गावाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटांवर शरद ऋतूत एकट्याने सायकल चालवणं म्हणजे सुख. फक्त मागचं चाक सारखं बसायचं. नवी ट्यूब घातली की तासाभरात पुन्हा तेच.

कारण कडेच्या कुंपणात होतं. पक्ष्यांच्या विणीसाठी इंग्लंडमध्ये 1 मार्च ते 31 ऑगस्ट शेतांची जिवंत कुंपणं छाटायला, काही अपवाद सोडले तर, बंदी असते. सप्टेंबर उजाडला की ट्रॅक्टर निघतात आणि कुंपणातल्या हॉथॉर्न या काटेरी झुडपाचे काटे रस्ताभर. ओले असले तर दिसतही नाहीत!

टायर बसवतानाच त्यावरचं कंपनीचं नाव व्हॉल्व्हच्या समोर आणून ठेवतो. ट्यूबला हवा भरून भोक कानाने, नाहीतर ओल्या ओठांनी शोधायचं, मग ट्यूब टायरशेजारी धरायची. काटा नेमका कुठे ते लगेच कळतं. बोट फिरवू नका, रक्त निघतं. मी कापसाचा बोळा फिरवला, तो एका जागी अडकला. बाहेरून काही दिसेना. टायर उलटा वाकवल्यावर तपकिरी टोक डोकावलं, ते चिमट्याने आतल्या बाजूने ओढलं. मोडका काटा तांदळाएवढाही नव्हता.

ठिगळ लावणं नेहमीचंच: घासा, सोल्यूशन सुकू द्या, दाबा. आता पंक्चररोधक पट्टीचा जड टायर घातलाय. चढावर जीव काढतो, पण चालतंय. ताजी छाटणी दिसली की गाड्यांच्या चाकोरीतूनच जातो, तिथे काटे कमी असतात.