अकरावी-बारावीतच कॉलेजचे क्रेडिट मिळवायचेत? मग आमच्यासारख्या या चुका टाळा

मागच्या वर्षी आम्ही तिघा-चौघा शिक्षकांनी लई उत्साहात ठरवलं, की आपल्या ज्युनियर कॉलेजच्या सायन्सच्या पोरांकडून एनपीटेलचा (आयआयटींचा ऑनलाइन शिकवायचा उपक्रम) एक कोर्स करून घ्यायचा, म्हणजे त्याचे क्रेडिट, डिग्रीत मोजलं जाणारं अभ्यासाचं एकक, आधीच हातात येतील आणि उद्या डिग्रीला गेल्यावर तेवढा एक विषय सुटेल. सव्वीस पोरांनी नावं दिली, परीक्षेला बसली नऊ. आणि त्या नऊ जणांचा विषय नक्की कुठल्या कॉलेजात सुटणार, असं एका पोरीच्या वडिलांनी पालकसभेत उभं राहून विचारलं तेव्हा आम्ही चौघं एकमेकांकडे बघत बसलो.

सगळं घोडं तिथंच अडलं होतं. आम्ही कोर्स निवडला, ग्रुप बनवला, लॅबची वेळ ठरवली, पण क्रेडिट ज्याच्याकडे जमा करायचं त्यालाच विचारलं नव्हतं. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत कोर्स केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवरून (एनपीटेलचे कोर्स तिथेच असतात) करता येतात हे खरं, पण ते आधीच डिग्रीला असलेल्या पोरांसाठी आणि त्यांच्या कॉलेजने मान्यता दिलेल्या कोर्सपुरतं. अकरावीतल्या पोराच्या हातात जे पडतं ते सर्टिफिकेट, क्रेडिट नव्हे. २०२३ च्या नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्कमध्ये (शाळेपासून कॉलेजपर्यंत क्रेडिट मोजायची सरकारी पद्धत) शाळेच्या वर्षालाही ४० क्रेडिट धरलेत, त्यामुळे पालकांना वाटतं झालंच काम, पण ते क्रेडिट पुढच्या कॉलेजने घ्यायला तर पाहिजे ना. म्हणून पोरं साधारण जिथं जातात त्या दोन-तीन कॉलेजांना आधी मेल टाका, कोर्सचं नाव आणि किती आठवड्यांचा ते लिहून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं ‘हो हो, बघू’ धरू नका, आम्ही धरलं होतं.

दुसरा घोळ तारखांचा, आणि पोरं गळाली ती यातच. एनपीटेलचं जुलै सत्र जुलैच्या शेवटाला सुरू होतं, आणि अकरावीचे ऑनलाइन प्रवेश लांबले की आपले वर्ग भरायलाच ऑगस्ट उजाडतो. म्हणजे अकरावीचं पोर पहिल्या दिवसापासून मागे. दर आठवड्याला असाइनमेंट, रात्री ११:५९ ला बंद, त्यात सवलत नाही. बारा आठवड्यांचा कोर्स घेतला तर शेवट ऑक्टोबरात, तेव्हा सत्र परीक्षा, दिवाळी, आणि आमच्या दिंडोरी-निफाडकडच्या पोरांच्या घरी द्राक्षाची गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी. एक पोरगा रोज संध्याकाळी बापाबरोबर छाटलेल्या काड्यांना फुटीसाठी पेस्ट लावायचा आणि रात्री बांधावर जिथं रेंज येते तिथं बसून असाइनमेंट टाकायचा. शेवटी त्याने कोर्स सोडला. त्याला आळशी म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आणि बारावीच्या पोरांना जानेवारी सत्र देऊच नका. जानेवारीत जेईईचं पहिलं सेशन, मग प्रॅक्टिकल, फेब्रुवारी-मार्चला बोर्ड, एप्रिलमध्ये परत जेईई आणि सीईटी, आणि एनपीटेलची परीक्षा पण एप्रिलच्याच आसपास. जुलैचंच द्या आणि चार किंवा आठ आठवड्यांचंच द्या.

तासांचा हिशोबही कोणी करत नाही. एक क्रेडिट म्हणजे फ्रेमवर्कप्रमाणे ३० तास. बारा आठवड्यांचा कोर्स ३ क्रेडिटचा, म्हणजे ९० तास, म्हणजे आठवड्याला साडेसात तास! सकाळी सिन्नरहून एसटीने येऊन संध्याकाळी क्लास करून परत जाणाऱ्या पोराने ते कुठून आणायचे? चार आठवड्यांचा १ क्रेडिटचा कोर्स पालकांना चिल्लर वाटतो, पण पहिल्यांदा तोच बरा.

फीचं आधी सांगून टाका. शिकणं फुकट आहे पण परीक्षेचे हजार रुपये लागतात, आणि पास व्हायला असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे पाहिजेत. आमच्या एकाला परीक्षेत ५१ पडले आणि असाइनमेंटमध्ये ८, गेलं सर्टिफिकेट.

नावाचं तर विचारूच नका. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर स्वतःचं नाव आधी, आईचं नाव कुठे आहे कुठे नाही. रजिस्ट्रेशनच्या दिवशीच आधार, मार्कशीट आणि अपार आयडी (विद्यार्थ्याचा शैक्षणिक ओळख क्रमांक) तिन्ही समोर ठेवून स्पेलिंग जुळवा. पोरं अठराच्या आतली म्हणून अपारला पालकांचं संमतीपत्र लागतं, ते पण त्याच दिवशी.

डेटा सायन्सकडे ओढा असेल तर आयआयटी मद्रासची ऑनलाइन बीएस डिग्री बघा. अकरावीची परीक्षा दिलेल्यांना क्वालिफायर (प्रवेशाची पात्रता परीक्षा) देता येतो, पास झाले तर प्रत्यक्ष प्रवेश बारावीनंतर. क्रेडिट घेणारेही तेच आणि देणारेही तेच, त्यामुळे विचारायची भानगड नाही.

हे ‘ड्युअल क्रेडिट’ मूळचं अमेरिकेचं. माझ्या मावसभावाची पोरगी टेक्सासात हायस्कूलमध्ये असताना जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे विषय करत होती, एकच विषय दोन्हीकडे मोजला जातो. त्याला वाटलं आपली शाळेतलीच पोरगी, म्हणून प्राध्यापकांना मेल केला. उत्तर आलं, मार्क तिच्या परवानगीशिवाय सांगता येणार नाहीत, कॉलेजात शिकते म्हटल्यावर वय सोळा असलं तरी हक्क तिचा. शिवाय तिथला खराब ग्रेड कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर (गुणपत्रकावर) कायमचा बसतो. आणि राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत जे क्रेडिट चालतात ते मोठ्या खासगी विद्यापीठात चालतीलच असं नाही. म्हणजे घेणाऱ्याला आधी विचारायची कटकट त्यांनाही चुकलेली नाही.

यंदा आम्ही बारावीची आठच पोरं घेतलीत, चार आठवड्यांचा कोर्स. मेल तीन कॉलेजांना केले. एकाचं लेखी ‘हो’ आलंय, एकाने ‘नाही’ कळवलंय, तिसऱ्याकडे सोमवारी परत जायचंय.